शेजाऱ्यासाठी जामीन

नीतिसूत्रांच्या ग्रंथावर आपल्या ख्रिस्ती घरांचे प्रेम आहे, पण ते प्रेम बहुधा निवडक असते. आळशाने मुंगीकडे पाहून शहाणे व्हावे, मुलाला लहानपणीच वळण लावावे, सौम्य उत्तराने राग निवतो, सद्गुणी गृहिणीचे मोल माणकांहून अधिक असते, हे विचार आपल्या दिनदर्शिकांवर, लग्नाच्या आशीर्वादपर भाषणांत आणि प्रवचनांत वारंवार भेटतात. याच ग्रंथात एक इशारा मात्र सहा ठिकाणी आलेला आहे आणि तो आपण क्वचितच उच्चारतो. दुसऱ्याच्या कर्जाला हमी देऊ नये, कोणाच्या हातावर हात मारून जामीन राहू नये, हा तो इशारा. सहाव्या, अकराव्या, सतराव्या, विसाव्या, बाविसाव्या आणि सत्ताविसाव्या अध्यायांत तो आढळतो. इतक्या आग्रहाने सांगितलेली गोष्ट आपण इतक्या सहजपणे का वगळतो, याचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण ज्ञानवचनांचा नित्याच्या जीवनाशी संबंध जोडावयाचा, तर तो सोप्या वचनांपाशी जोडून भागणार नाही. जे वचन अडचणीत टाकते त्याच्यापाशीच आपली खरी परीक्षा होते.

अडचण कोणती ती चाकूरसारख्या गावी राहणाऱ्यास समजावून सांगावी लागत नाही. चाकूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. भोवतालची शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा ही पिके. बी-बियाणे आणि खत यांना पैसा जूनमध्ये लागतो. सोयाबीनची रास ऑक्टोबरात होते आणि तुरीची जानेवारीच्या सुमारास. मधल्या महिन्यांत ज्याच्या गाठी काही नाही त्याला सोसायटी, बँक, पतसंस्था, आडत्या किंवा सावकार यांपैकी कोणाचे तरी दार गाठावे लागते. शेती नसलेल्या घरातही आजारपण, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण ही निमित्ते टळत नाहीत. पतसंस्थेच्या अर्जात बहुधा दोन जामीनदारांसाठी जागा सोडलेली असते आणि त्यांतील एखादा पगारदार असावा अशी अपेक्षा असते. आपल्या विरळ वस्तीच्या समाजात शिक्षक, परिचारिका, कारकून असा एखादाच पगारदार असतो. मग सगेसोयरे आणि धर्मग्रामातील मंडळी त्याच्याकडेच येतात. रविवारची मिस्सा आटोपली की कोणी तरी आदबीने जवळ येतो आणि म्हणतो, ‘‘काका, फक्त एक सही पाहिजे. हप्ते मीच भरणार.’’

या वाक्यातील ‘फक्त’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोच्या मागे लागावे, त्याच्याकडून काही मिळाले नाही तरच जामीनदाराकडे वळावे, असे पुष्कळांना वाटते. कायदा तसे बंधन घालीत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हीच गोष्ट स्पष्ट केली. जामीनदाराने पैसे भरल्यावर ते ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क त्याला कायद्याने दिला आहे खरा. परंतु ज्याच्याकडे बँकेला देण्यास काही उरले नाही, त्याच्याकडे काकांना देण्यास तरी कोठून उरणार? तेव्हा सही करणारा माणूस आपले चांगले नाव उसने देत नसतो. तो स्वतः कर्ज काढीत असतो, आणि त्या कर्जाचा पैसा तेवढा दुसऱ्याच्या हाती जातो.

शास्त्रकर्त्याला हे पक्के ठाऊक होते. ज्या काळात ही सूत्रे रचली गेली त्या काळात थकलेले कर्ज माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचत असे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे रडत येते, कारण सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून नेणार असतो. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक गाऱ्हाणे सांगतात की, शेते व द्राक्षमळे गहाण पडले आणि आता मुलेमुली दास्यात द्यावी लागत आहेत. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे सहाव्या अध्यायातील निकड समजते. जामीन राहून अडकलेल्याने झोपही घेऊ नये, शेजाऱ्याच्या पाया पडून आपली सुटका करून घ्यावी, शिकाऱ्याच्या हातून हरिण निसटते तसे निसटावे, असे तेथे सांगितले आहे. बाविसाव्या अध्यायात तर अंगाखालचे अंथरूणच ओढून नेले जाईल असा धाक घातला आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. येथे दुसऱ्याने पाय पसरले म्हणून आपले अंथरूण जाण्याची गोष्ट आहे.

एवढ्यावरून निष्कर्ष काढावयाचा तर तो सरळ आहे. कोणासही जामीन राहू नये आणि त्याबद्दल मनाला बोचणीही लावून घेऊ नये. परंतु ग्रंथ पुढे वाचीत गेले की हा सरळपणा टिकत नाही. सतराव्या अध्यायाच्या अठराव्या ओवीत जामीन राहणाऱ्यास बुद्धिहीन म्हटले आहे. तिच्या लगेच वरची ओवी सांगते की, खरा मित्र सर्वकाळ प्रीती करतो आणि भाऊ जन्मास येतो तो संकटकाळासाठीच. तिसऱ्या अध्यायात बजावले आहे की, उपकार करणे आपल्या हाती असता तो रोखून धरू नये, देण्याजोगे जवळ असता शेजाऱ्याला उद्या ये म्हणून परत पाठवू नये. एकोणिसाव्या अध्यायात गरिबावर दया करणारा प्रभूलाच उसने देतो, असा दिलासा आहे. मग कोणते वचन खरे मानावे? संकटात उभ्या असलेल्या भावाला आपण सतरावी ओवी लावावी की अठरावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी नीतिसूत्र म्हणजे काय ते ध्यानी घ्यावयास हवे. सूत्र ही दहा आज्ञांसारखी आज्ञा नव्हे. ते प्रभूने दिलेले अभिवचनही नव्हे. ते अनेक पिढ्यांच्या अनुभवाचे सार आहे आणि ते केव्हा, कोणी, कोणाला लावावयाचे हे ठरविण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपविलेले असते. सव्विसाव्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नये असे एक ओवी सांगते आणि लगेच पुढची ओवी तसे उत्तर द्यावे असे सांगते. संग्राहकाला ही विसंगती दिसली नसेल असे मानता येत नाही. दोन्ही ओव्या शेजारी ठेवून त्याने विचाराचे काम आपल्याकडे दिले. आपल्या म्हणींचेही असेच आहे. बोलणाऱ्याची बोरेदेखील विकली जातात असे आपण म्हणतो आणि मौनाने सर्व काही साधते असेही आपणच म्हणतो. दोन्ही खरे आहे. कोठे बोलावे आणि कोठे गप्प राहावे हे मात्र कोणतीही म्हण आपल्यासाठी ठरवून देत नाही.

म्हणूनच नीतिवचनाचा सर्वांत मोठा दुरुपयोग होतो तो ते आपल्या सोयीने उचलण्यात. हात आखडता घेणाऱ्याला अठरावी ओवी फार आवडते, कारण ती त्याच्या कृपणतेवर शास्त्राची मोहोर उठविते. भिडस्त माणसाला सतरावी ओवी आवडते, कारण नकार देण्याचे धैर्य नसणे हीच प्रीती, असा समज करून घेणे त्याला सोपे जाते. दोघांनीही वचन वाचले, पण स्वतःला लावले नाही. आमच्या मते येथे एक साधा नियम उपयोगी पडेल. जे वचन आपल्याला अगोदरच सोयीचे आहे त्याच्या शेजारची ओवी आधी वाचावी. कृपणाने भावाच्या संकटाची ओवी वाचावी आणि भिडस्ताने अंथरुणाची.

तरीही मूळ प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर आम्हांला उत्पत्तीच्या पुस्तकात सापडते. दुष्काळ पडला आहे. याकोबाचे मुलगे धान्यासाठी मिसरात जाऊन आले आहेत आणि पुन्हा जावयाचे तर धाकट्या बन्यामिनाला बरोबर नेणे भाग आहे. म्हातारा बाप तयार होत नाही. तेव्हा थोरला मुलगा रऊबेन हमी देतो की, बन्यामिनाला परत आणले नाही तर माझे दोन मुलगे मारून टाका. याकोब ही हमी स्वीकारीत नाही. पुढे घरातले धान्य संपते आणि यहूदा पुढे येतो. तो म्हणतो की बन्यामिनासाठी मी स्वतः जामीन आहे, त्याचा जाब माझ्याकडून घ्यावा. याकोब ही हमी मान्य करतो. मिसरात खरोखरच प्रसंग ओढवतो, तेव्हा त्या मुलाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा, असे यहूदा योसेफासमोर म्हणतो आणि दिलेला शब्द पाळतो.

दोघांनीही जामीनच दिला. फरक एवढाच की रऊबेनाने आपल्या मुलांना पणाला लावले आणि यहूदाने स्वतःला. नीतिसूत्रांचा इशारा आणि बंधुप्रीतीची आज्ञा यांची सांगड येथे बसते, असे आम्हांला वाटते. शास्त्र आपल्याला देण्यापासून परावृत्त करीत नाही. जे आपले एकट्याचे नाही ते गहाण टाकण्यापासून ते परावृत्त करते. पगारदार माणूस पाच लाखांच्या कर्जावर सही करतो तेव्हा त्या सहीत त्याच्या पत्नीचे दळण, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईचे औषध अडकलेले असते. त्यांच्यापैकी कोणी ती सही केलेली नसते आणि पुष्कळदा त्यांना ती ठाऊकही नसते. नोटीस दारी येते त्या दिवशी घरच्यांना प्रथम कळते. अशी सही ही रऊबेनाची सही होय. तिला औदार्य म्हणता येणार नाही, कारण औदार्य स्वतःच्या वाट्यातून करावयाचे असते.

कोणी म्हणेल की ऋणको प्रामाणिक असेल तर ही भीती कशाला? सत्ताविसाव्या अध्यायाची पहिली ओवी याचे उत्तर देते. उद्याच्या दिवसाची फुशारकी मारू नये, कारण तो दिवस काय घेऊन येईल हे कोणासही ठाऊक नसते. मराठवाड्याला हे वेगळे शिकवावे लागू नये. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पाऊस न येणे हा ऋणकोचा अप्रामाणिकपणा नव्हे. जामीन देणारा माणूस शेजाऱ्याच्या सचोटीची हमी देतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो पावसाची, बाजारभावाची आणि शेजाऱ्याच्या आयुष्याचीही हमी देत असतो. ही हमी देणे माणसाच्या हाती नाही. हे समजले म्हणजे नकारातील कडवटपणाही जातो. आमचा तुझ्यावर अविश्वास नाही, पण उद्या आमच्या ताब्यात नाही, असे आपण भावाला मनापासून सांगू शकतो.

मात्र नकार देऊन तेथेच थांबणाऱ्याला तिसरा अध्याय मोकळा सोडीत नाही. सही नाकारणे शहाणपणाचे होते की कृपणतेचे, हे त्यानंतर आपण काय केले यावरून ठरते. पाच लाखांची सही जमत नसेल तर पाच हजार हातउसने देता येतात, आणि देताना ते परत आले नाहीत तरी चालेल अशी मनाची तयारी ठेवता येते. भावाबरोबर बँकेत जाऊन अर्ज नीट वाचता येतो, व्याज किती, दंड किती, हप्ता केव्हा, हे विचारता येते. लग्नाचा खर्च निम्म्यावर आणण्याचा सल्ला देता येतो आणि आपल्या घरच्या लग्नात तो स्वतः पाळून दाखविता येतो. ऋण काढून सण करू नये, असे सांगण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने आपला सण साधेपणाने केला.

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट असलेल्या बेन सिराच्या ग्रंथात, एकोणतिसाव्या अध्यायात, या विषयाचा तोल फार सुंदर सांभाळला आहे. चांगला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असे तेथे नि:संदिग्धपणे म्हटले आहे. त्याच दमात हेही सांगितले आहे की, जामीनकीने अनेक सुखवस्तू माणसांना धुळीस मिळविले आणि घरादाराला मुकविले. शेवटी उपदेश येतो की, ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला हात द्यावा, पण आपण पडणार नाही याची काळजी घ्यावी. नीतिसूत्रे जामीनदाराशी बोलतात. बेन सिरा ऋणकोशीही बोलतो. ज्याने तुझ्यासाठी स्वतःला पणाला लावले त्याचे उपकार विसरू नकोस, असे तो बजावतो. आपल्या समाजात हा भाग फारच दुर्लक्षित आहे. कर्ज मिळेपर्यंत रोज घरी येणारा माणूस हप्ते थकल्यावर रस्ता बदलून जातो, मिस्सेलाही वेगळ्या वेळी जातो. पैसा नसणे हे पाप नाही. परंतु जामीनदाराला अंधारात ठेवणे हा मात्र विश्वासघात आहे. हप्ता चुकणार असेल तर ऋणकोने सर्वप्रथम त्याच्याकडे जाऊन तसे सांगावे. एवढे केले तरी पुष्कळ नाती वाचतील.

आता एक गंभीर आक्षेप. प्रभू येशूने तर मागणाऱ्याला द्यावे, परतफेडीची आशा न धरता उसने द्यावे, असे शिकविले. मग हा सारा हिशेब जुन्या करारातील व्यवहारी शहाणपण नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. प्रभूने आशा न धरता देण्यास सांगितले ते आपल्याजवळचे. आणि त्याच प्रभूने बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असेही सांगितले. संत पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले छोटेसे पत्र या दृष्टीने पाहावे. पळून आलेल्या ओनेसिम या दासासाठी तो फिलेमोनाला कळवितो की, याचे तुझे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन. हे तो स्वतःच्या हाताने लिहितो. हा पूर्ण अर्थाने जामीनच आहे. पण लिहिणारा पौल एकटा आहे, त्याच्या हमीने कोणा बायकामुलांच्या तोंडचा घास अडकत नाही, आणि प्रसंग आला तर फेडावे लागेल हे त्याने गृहीत धरले आहे. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर प्रभू येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे, आणि त्याच अध्यायात तो यहूदाच्या वंशातला असल्याची आठवण करून दिली आहे. ज्या यहूदाने भावासाठी स्वतःला पुढे केले त्याच्या कुळात तो जन्मास आला आणि आपले ऋण त्याने दुसऱ्या कोणाला पणाला न लावता स्वतःच्या देहाने फेडले.

यावरून आणखी एक गोष्ट निघते आणि ती एकट्या कुटुंबाची नसून सर्व श्रद्धावंतांची आहे. गरजवंताला जामीनदारच मिळू नये, ही स्थितीही ख्रिस्ती समाजाला शोभणारी नाही. सर्वांनी शहाणपणाने सही नाकारली तर तो माणूस खाजगी सावकाराच्या दारात जाईल. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोलाही मर्यादा घातली आहे. जात्याचा दगड गहाण घेऊ नये, गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे. ख्रिस्तसभेने या विचाराला संस्थेचे रूप दिल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी गरिबांना अल्प खर्चात तारणावर कर्ज देणाऱ्या पेढ्या सुरू केल्या आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी त्यांना मान्यता दिली. जर्मनीत रायफायझेन या श्रद्धाळू प्रॉटेस्टंट गृहस्थाने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था उभारली. तिच्यात सर्व सभासद एकमेकांचे जामीनदार असत. भारतातील १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच विचाराच्या छायेत झाला. आपल्या महाराष्ट्रात वसईच्या कॅथलिक बांधवांनी मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली जी सहकारी पतसंस्था काढली, तिची आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली आहे. जे ओझे एकाच्या पाठीवर पडले तर त्याचा कणा मोडतो, ते शंभरांनी वाटून घेतले तर चालता येते, हे या सर्व प्रयत्नांमागील साधे तत्त्व.

वसईइतकी आपली संख्या नाही, हे खरे. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचा हा भाग विस्ताराने मोठा आणि घरे तुरळक. तथापि दहा कुटुंबांचा बचत गटही चालू शकतो. महिन्याला ठरावीक रक्कम जमा करणारा, हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी ठेवणारा आणि आजारपणाला व पेरणीला प्राधान्य देणारा गट ज्या धर्मग्रामात असेल, तेथे एका शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या दारात सर्वांना उभे राहावे लागणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अर्ज समोर आला, तर होकार किंवा नकार देण्यापूर्वी आपण एक दिवस मागून घ्यावा. त्या रात्री घरात सर्वांना एकत्र बसवून ती रक्कम मोठ्याने सांगावी, कारण ती त्यांचीही आहे. हे कर्ज उद्या आपल्यालाच फेडावे लागले तर आपण ते भावाचा तिरस्कार न करता फेडू शकू काय, असे एकमेकांना विचारावे. उत्तर होय असेल, तर यहूदासारखी सही करावी आणि ते देऊन टाकल्यासारखे मानावे. उत्तर नाही असेल, तर सही करू नये, परंतु आपल्या हाती जे आहे ते घेऊन त्याच संध्याकाळी भावाच्या घरी जावे. त्याला आपल्याकडे पुन्हा यावयास लावू नये.